टेनिस स्पर्धेत 'पंच' म्हणजे नक्की कोण? रेफरी, सुपरवायझर, बाय आणि ड्रॉवरची अक्षरं

नवा_डेस्कवाला

क्लबच्या खुल्या स्पर्धेत टूर्नामेंट डेस्क सांभाळायचं आहे. पुरुष एकेरीत २७ नावं, चार कोर्ट, दोन दिवस. खेळाचे नियम येतात, पण स्पर्धेच्या कारभारातले शब्द गोंधळात टाकतात. जाणकारांनी मदत करावी.

१) टूर्नामेंट डायरेक्टर, रेफरी, सुपरवायझर, चीफ अंपायर, चेअर अंपायर. मराठीत आपण सगळ्यांना 'पंच' म्हणून मोकळे होतो. कुणाचा शब्द कुठे चालतो आणि कुठे थांबतो?

२) मोठ्या स्पर्धांच्या ड्रॉमध्ये (कोण कुणाशी खेळणार त्या तक्त्यात) नावाशेजारी क्यू, डब्ल्यूसी, एलएल, पीआर, एसई अशी अक्षरं असतात. त्यांचा अर्थ?

३) २७ जणांचा ड्रॉ नेमका कसा काढायचा? बाय (पहिली फेरी न खेळता पुढे जाणं) कुणाला द्यायचे?

४) वॉकओव्हर, रिटायर्ड आणि डिफॉल्ट यांत फरक काय? बातम्यांत तिन्हींना 'पुढे चाल' म्हणतात, बायलासुद्धा!

---

उंच_खुर्ची

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पदांच्या यादीतून कळणार नाही. वाद कशाबद्दल आहे ते बघा, म्हणजे तो कुणाकडे जायचा ते आपोआप कळतं.

चेंडू आत पडला की बाहेर, दोन टप्पे पडले का, रॅकेट नेटला लागली का, ही झाली वस्तुस्थिती. इथे चेअर अंपायरचा, म्हणजे कोर्टशेजारी उंच खुर्चीत बसणाऱ्याचा, शब्द शेवटचा. खेळाडूने रेफरीला बोलावलं, रेफरी आला, त्याने स्वतः कुंपणापलीकडून चेंडू आत पडलेला पाहिला असला, तरी तो कॉल बदलू शकत नाही. नवीन लोकांना हे पटत नाही, पण सगळी व्यवस्था या एका गोष्टीवर उभी आहे.

दुसरा प्रकार नियमाचा. जे घडलं ते मान्य आहे, पण त्याला कोणता नियम लागतो यावर वाद आहे. इथे खेळाडू रेफरीला बोलावू शकतो आणि रेफरीचा निर्णय अंतिम.

एक उदाहरण घ्या. रॅली चालू असताना सर्व्हिस करणाऱ्याच्या खिशातून दुसरा चेंडू पडला. तो खरंच पडला का, रॅली संपण्याआधी पडला का, हे चेअर अंपायर ठरवणार. पण समजा त्याने पहिल्याच वेळी प्रतिस्पर्ध्याला थेट गुण दिला. ही नियमाची चूक झाली. पहिल्या वेळी तो नकळत झालेला अडथळा धरतात, लेट देऊन गुण पुन्हा खेळवतात आणि खेळाडूला बजावतात, की पुन्हा पडला तर गुण जाईल. अशा वेळी बोलावलेला रेफरी खेळाडूला 'चेंडू पडला का हो?' असं विचारत बसत नाही. तो अंपायरला विचारतो, 'तुम्ही काय पाहिलं?' आणि त्या उत्तरावर नियम लावतो.

तिसरा प्रकार बंदोबस्ताचा: कोर्ट, चेंडू, पाणी, फिजिओ, बक्षिसं, प्रायोजक, वाइल्ड कार्ड (क्रमवारी पुरत नसतानाही दिलेली जागा) कुणाला द्यायची. हे टूर्नामेंट डायरेक्टरचं खातं. स्पर्धा तो उभी करतो, पण कोर्टवरच्या निर्णयात त्याला तोंड घालता येत नाही.

आता उरलेले.

चीफ अंपायर हा सगळ्या अंपायरांचा मुकादम म्हणा. कुठल्या कोर्टवर कोण बसणार, लाइन अंपायरांच्या पाळ्या कशा लावायच्या, स्पर्धेआधी उजळणी, नंतर कामाचं मूल्यमापन, हे त्याच्याकडे. सामन्याचा निकाल त्याच्या हातात नसतो.

सुपरवायझर म्हणजे ज्या मालिकेची स्पर्धा आहे तिने पाठवलेला माणूस. एटीपी (पुरुषांचा दौरा), डब्ल्यूटीए (महिलांचा) किंवा आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) स्पर्धा भरवणारे स्थानिक असतात, म्हणून नियम सगळीकडे सारखे लागतात की नाही हे बघायला मालिका आपला सुपरवायझर पाठवते. एटीपीच्या स्पर्धेत जागेवरचा अंतिम अधिकार त्याचा. ग्रँड स्लॅममध्ये तो अधिकार रेफरीचा असतो, आणि सुपरवायझर त्याच्या जोडीला. तुमच्या क्लबच्या स्पर्धेला सुपरवायझर नसणार, तिथे रेफरीच शेवटचा.

लाइन अंपायर फक्त स्वतःची रेष बघतो. चेअर अंपायर त्याचा कॉल फिरवू शकतो, पण चूक स्पष्ट असेल तर आणि ताबडतोब. खेळाडूने नाक मुरडल्यावर दोन सेकंदांनी फिरवलेला कॉल सगळ्यात जास्त भांडणं लावतो. मोठ्या दौऱ्यांवर आता ही जागाच संपत चाललीय: २०२५ पासून एटीपी टूरवर रेषांचे कॉल इलेक्ट्रॉनिक यंत्रणा देते, विम्बल्डननेही त्याच वर्षी लाइन अंपायर बंद केले. फ्रेंच ओपनने मात्र २०२५ मध्येही माणसंच ठेवली. तिथल्या मातीवर चेंडूची खूण राहते आणि अंपायर खाली उतरून ती बघतो.

शिस्तीच्या बाबतीत अधिकार कसा वाटलेला असतो ते २०२० च्या यूएस ओपनमध्ये दिसलं. चौथ्या फेरीत कारेनो बुस्ताविरुद्ध पहिल्या सेटमध्ये ५-६ असताना जोकोविचने मागे मारलेला चेंडू लाइन अंपायरच्या गळ्याला लागला. चेअर अंपायरने जागच्या जागी निकाल दिला नाही. रेफरी आणि सुपरवायझर कोर्टवर आले, बोलणं झालं आणि मग जोकोविच बाद ठरला. खेळाडूला सामन्यातून काढणं हे रेफरीच्या पातळीवरचं काम आहे.

एरवीची शिक्षा पायऱ्यांनी चढते: पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा गुण, तिसऱ्यांदा गेम, आणि त्यापुढे प्रत्येक वेळी रेफरी ठरवतो की आणखी एक गेम की सामनाच. वेळकाढूपणाचा हिशेब वेगळा असतो, तो या पायऱ्यांत मिसळायचा नाही. तिथे पहिली ताकीद, नंतर सर्व्हिस करणाऱ्याची एक सर्व्हिस जाते आणि रिसीव्हरचा थेट गुण जातो. एका खेळाडूला वेळेची एक ताकीद आणि रॅकेट आपटल्याची एक ताकीद मिळाली, तर दोन्ही ताकिदीच. 'दुसरी झाली, गुण गेला' असं म्हणणारे अंपायर बरेच भेटतात आणि ते चूक असतात.

---

ओळ_नऊ

ड्रॉचं मी सांगतो. कागद-पेन्सिल घेऊनच बसा. सॉफ्टवेअर हे काम करतं, पण चुकलं तर हाताने पडताळता यायला हवं.

आधी शब्द. आपल्याकडे 'मानांकन' रँकिंगलाही म्हणतात आणि सीडिंगलाही, त्यामुळे अर्धा गोंधळ तिथेच होतो. क्रमवारी म्हणजे रँकिंग, वर्षभराचा हिशेब. मानांकन म्हणजे सीडिंग, फक्त या ड्रॉपुरतं. क्रमवारीत चाळिसावा असलेला खेळाडू तुमच्या स्पर्धेत पहिला मानांकित असू शकतो.

२७ नावं म्हणजे ड्रॉ ३२ ओळींचा, कारण दोनाची दुप्पट-दुप्पट करत गेलं (२, ४, ८, १६) की पुढची संख्या ३२. ३२ वजा २७, पाच बाय. मानांकित आठ.

१ नंबर ओळ १ वर. २ नंबर ओळ ३२ वर. ३ आणि ४ यांच्या चिठ्ठ्या: पहिली निघेल तो ओळ ९, दुसरा ओळ २४. ५ ते ८ यांच्या चार चिठ्ठ्या: निघतील त्या क्रमाने ओळ ८, १६, १७, २५. लक्षात घ्या, ३ नंबरला 'दोन नंबरच्या अर्ध्यातच टाकायचं' असा नियम नाही, तो चिठ्ठीनेच जातो. क्लबच्या स्पर्धांत हे हमखास चुकतं.

मग बाय. ते मानांकितांना वरून क्रमाने द्यायचे, म्हणजे तुमच्याकडे पहिल्या पाच जणांना. १ नंबरचा बाय ओळ २ वर, २ नंबरचा ३१ वर, ३ आणि ४ चे ओळ १० आणि २३ वर. पाचव्या मानांकिताचा त्याच्या शेजारच्या ओळीवर: तो ८ वर असेल तर ७, १६ वर असेल तर १५, १७ वर असेल तर १८, २५ वर असेल तर २६.

आता ३२ ओळींतून ८ मानांकित आणि ५ बाय वजा केले की १९ ओळी मोकळ्या, आणि नावंही १९ च उरलीत. हा हिशेब जुळला नाही तर पुढे जाऊ नका. १९ चिठ्ठ्या वाडग्यात टाका, एकेक काढा आणि वरून खाली पहिल्या मोकळ्या ओळीत लिहीत जा. चिठ्ठी काढताना दोन खेळाडूंना समोर उभं करा. वेळ आणि जागा आधी जाहीर करा. ड्रॉ बंद खोलीत काढला की तो कितीही प्रामाणिक असला तरी कुणी विश्वास ठेवत नाही.

बाय म्हणजे प्रतिस्पर्धीच नाही. वॉकओव्हर म्हणजे प्रतिस्पर्धी होता, आला नाही किंवा खेळला नाही. 'पुढे चाल' दोन्हींना म्हणतात खरं, पण निकालपत्रकात तसं लिहू नका.

ड्रॉ लागल्यावर कुणी माघार घेतली तर खेळाडूंना वरखाली सरकवू नका. एक सरकवला की चार फोन येतात. पहिल्या दिवसाचं वेळापत्रक लावण्याआधी मानांकित गळाला, तर मानांकनाच्या रांगेतला पुढचा खेळाडू त्या ओळीवर जातो आणि त्याच्या रिकाम्या ओळीत राखीव यादीतला येतो. वेळापत्रक लागल्यानंतर गळाला, तर राखीव खेळाडू थेट त्या ओळीवर जातो, मग तिथे बाय असला तरी तो त्याला मिळतो. लोक 'हा कुठला न्याय' म्हणतात, पण नियम असाच आहे.

सामन्यांची संख्या नेहमी नावांपेक्षा एकने कमी: २७ नावं, २६ सामने. पहिल्या फेरीत ११, दुसरीत ८, मग ४, २, १. चार कोर्ट आणि सामन्याला दीड तास धरला तर पहिल्या दिवसाचे १९ सामने सकाळी ८ ला सुरू करून साडेतीनपर्यंत बसतात. कागदावर.

तुमचा दुसरा दिवस मला आवडलेला नाही. अंतिम फेरीत जाणारा त्या दिवशी तीन एकेरी सामने खेळणार, तेही तीन-तीन सेटचे. एक दिवस वाढवा. तो मिळत नसेल तर तिसऱ्या सेटऐवजी १० गुणांचा मॅच टायब्रेक ठेवा, आणि ते प्रवेशिकेवरच छापा. ऐनवेळी फॉरमॅट बदलणं हा सगळ्यात मोठा गुन्हा.

---

नॉट_बिफोर

वरच्या गणितात विश्रांती धरलेली नाही, म्हणून 'कागदावर' हा शब्द महत्त्वाचा.

ज्युनियर स्पर्धांत चालणारं माप तुम्हीही घ्या: सामना तासाच्या आत संपला तर अर्धा तास विश्रांती, तास ते दीड तास चालला तर एक तास, त्याहून जास्त तर दीड तास. म्हणजे साडेबाराला संपलेल्या लांब सामन्याच्या विजेत्याला दोनच्या आधी बोलवायचं नाही.

त्यामुळे पहिल्या फेरीची रांग ड्रॉ शीटवरून वरून खाली तशीच उतरवू नका. दुसऱ्या फेरीत जे विजेते आपसात खेळणार आहेत, त्यांचे पहिल्या फेरीचे सामने एकाच वेळी शेजारच्या कोर्टवर लावा. दोघं साधारण सारख्या वेळी मोकळे होतात आणि सारखे थकलेले असतात. ओळ ३-४ सारखा सामना, ज्याचा विजेता बाय मिळालेल्या मानांकिताशी खेळणार आहे, तो ८ च्या पाळीत घ्या. मानांकित तसाही ताजा आहे, निदान समोरच्याला श्वास घ्यायला वेळ मिळेल. ११ सामने म्हणजे चार, चार, तीन अशा पाळ्या. ११ वाजता एक कोर्ट रिकामं राहतं. त्यावर दुसऱ्या फेरीचा पहिला सामना बसतो.

ऑर्डर ऑफ प्ले (दिवसाचं सामन्यांचं वेळापत्रक) लिहिताना घड्याळाची वेळ फक्त प्रत्येक कोर्टच्या पहिल्या सामन्याला द्या. पुढच्यांना 'त्यानंतर'. एखाद्याला उशिराची हमी द्यायची असेल तर 'दुपारी २ च्या आधी नाही'. सगळ्यांना वेळा वाटल्या की पहिला सामना लांबल्यावर डेस्कसमोर गर्दी, आणि लवकर संपला तर कोर्ट रिकामं पण खेळाडू घरी.

सामना पुकारल्यापासून १५ मिनिटांत खेळाडू कोर्टवर तयार नसेल तर तो बाद. पुकारल्याची वेळ कागदावर लिहा. तोंडी 'मघाशी पुकारलं' याला अर्थ नाही. आणि बाद ठरवण्याचा शब्द रेफरीच्या तोंडून जाऊ दे, डेस्कवरून नाही.

---

अर्धी_रेष

चौथा प्रश्न. सामना सुरू कधी होतो? पहिल्या गुणाची पहिली सर्व्हिस मारली की. वॉर्म-अप पाच मिनिटांचा, तो सामना नव्हे. म्हणून वॉर्म-अपमध्ये पाय मुरगळला आणि खेळाडू निघून गेला तर वॉकओव्हर. एक सर्व्हिस झाल्यावर मुरगळला तर रिटायर्ड, आणि स्कोअर लिहायचा, ०-० असला तरी. नियमभंगासाठी रेफरीने काढलं तर डिफॉल्ट. निकालपत्रकात तिन्ही वेगळे लिहायचं कारण असं, की क्रमवारी ठेवणारी संस्था त्यांना वेगवेगळं वागवते. चुकीचा शब्द पडला की महिन्याभराने पत्रव्यवहार सुरू.

मेडिकल टाइमआउट तीन मिनिटांचा, फिजिओने तपासून झाल्यावर सुरू होणारा. क्रॅम्पसाठी तो मिळत नाही. क्रॅम्पचा उपचार बाजू बदलताना किंवा सेटच्या मधल्या वेळेतच.

---

क्यू_बारा

अक्षरं:

क्यू म्हणजे क्वालिफायर, पात्रता फेरी जिंकून आलेला. ग्रँड स्लॅमच्या पुरुष एकेरीत १२८ पैकी १०४ थेट प्रवेश, १६ क्वालिफायर आणि ८ वाइल्ड कार्ड. पात्रता फेरीतही १२८ जण, तीन सामने जिंकल्यावर आत. एमा राडुकानू २०२१ ची यूएस ओपन क्यू म्हणूनच जिंकली, पात्रतेपासून धरून दहा सामने.

डब्ल्यूसी, वाइल्ड कार्ड: क्रमवारी पुरत नसतानाही आयोजकांनी दिलेली जागा. इव्हानिसेविच २००१ मध्ये विम्बल्डन जिंकला तेव्हा क्रमवारीत १२५ वा होता आणि वाइल्ड कार्डवर आत आला होता. (मानांकितांची संख्या १६ वरून ३२ झाली तीही त्याच विम्बल्डनपासून.) वाइल्ड कार्ड ड्रॉ काढण्याआधी ठरलं पाहिजे, नंतर नाही.

एलएल, लकी लूझर: पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरलेला, पण मुख्य ड्रॉमधून कुणी गळाल्यामुळे आत आलेला. इथे एक मेख आहे. आत एक जागा रिकामी झालीय आणि ती हरलेल्यांतल्या वरच्या क्रमवारीच्या खेळाडूलाच मिळणार, हे आधी कळलं तर तो शेवटचा सामना जीव तोडून खेळेल का? म्हणून ग्रँड स्लॅममध्ये वरच्या काही जणांत चिठ्ठ्या टाकतात.

एसई, स्पेशल एक्झेम्प्ट: आधीच्या आठवड्याच्या स्पर्धेत अजून जिंकतोय, म्हणून इथल्या पात्रतेला पोचू शकत नाही, अशासाठी राखलेली मुख्य ड्रॉमधली जागा. कुणी पात्र नसेल तर ती थेट प्रवेशाकडे जाते.

पीआर, प्रोटेक्टेड रँकिंग: एटीपीत निदान सहा महिने दुखापतीने बाहेर असलेल्याला मिळतं, दुखापतीच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या सरासरी क्रमवारीवर. त्यावर प्रवेश मिळतो, मानांकन मिळत नाही. डब्ल्यूटीएत त्याला स्पेशल रँकिंग म्हणतात.

एएलटी म्हणजे ऑल्टरनेट, राखीव यादीतला. तुमच्या क्लबला यातलं डब्ल्यूसी आणि एएलटी एवढंच लागेल.

---

नवा_डेस्कवाला

खूप आभार. ड्रॉ काढून पाहिला, १९ जुळले.

एक मोठी अडचण. चेअर अंपायर फक्त उपांत्य फेरीपासून मिळणार आहेत. आधीचे २३ सामने खेळाडूच स्वतः कॉल करणार. आणि समिती म्हणते की डायरेक्टरच रेफरीचंही बघेल, वेगळा माणूस कशाला. चालेल का?

---

उंच_खुर्ची

डायरेक्टर आणि रेफरी एकच माणूस हे मला मान्य नाही. डायरेक्टरला प्रायोजक, समिती, यजमान खेळाडू सगळ्यांना सांभाळायचं असतं. ज्याला त्याने स्वतः वाइल्ड कार्ड दिलं, त्याच खेळाडूला १५ मिनिटं उशीर झाला म्हणून बाद करायची वेळ आली की त्याची जीभ अडखळणार. आणि नाही अडखळली, तरी लोक तसंच म्हणणार.

---

साइड_लाइन

थोडा विरोध. छोट्या स्पर्धेत माणसंच नसतात, दोन टोप्या घालाव्याच लागतात. पण मग डायरेक्टरने रेफरीचं काम घेण्यापेक्षा रेफरीकडे चीफ अंपायरचंही काम द्या. ती दोन्ही कामं एकाच बाजूची आहेत. रेफरीने स्वतः खुर्चीत बसू नये, एवढं पाळा. तो एका कोर्टवर अडकला की बाकी तीन कोर्टना वाली नाही. आणि स्पर्धेत खेळणाऱ्याला किंवा खेळाडूच्या प्रशिक्षकाला रेफरी करायचं नाही, कितीही जाणकार असला तरी.

आता अंपायरशिवायचे सामने. नियम सोपे आहेत, पण खेळाडूंना कुणी सांगत नाही. एक पान छापून प्रत्येक कोर्टच्या खांबाला लावा:

आपल्या बाजूच्या रेषांचे कॉल आपण करायचे. 'आउट' किंवा 'फॉल्ट' लगेच आणि समोरच्याला ऐकू जाईल असं म्हणायचं. शंका असेल तर चेंडू आत.

'आउट' म्हटलं आणि मग लक्षात आलं की आत होता, तर गुण पुन्हा. पण तो मारलेला फटका गुण जिंकणाराच होता, किंवा त्याच खेळाडूने सामन्यात आधीही अशी चूक केली असेल, तर गुण त्याचा जातो.

सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक पहिल्या सर्व्हिसआधी मोठ्याने स्कोअर म्हणायचा. हे पाळलं तर ८० टक्के भांडणं उगवतच नाहीत (आकडा माझ्या मनाचा, पण पैज लावायला तयार).

तरी स्कोअरवर वाद झालाच तर? एक म्हणतो ४०-३०, दुसरा म्हणतो ३०-४०. त्यांना मागे न्या: कुठल्या गुणावर मतभेद आहे? फक्त पहिल्या गुणावर, असं निघालं. बाकीचे गुण दोघांना मान्य, त्यात प्रत्येकाचे दोन. मग खेळ ३०-३० वरून. गेमचंही तसंच. ४-३ की ३-४, आणि वाद फक्त दुसऱ्या गेमचा, तर ३-३ वरून पुढे. शेवटच्या गेममध्ये ज्याने रिसीव्ह केलं तो आता सर्व्हिस करेल. रेफरीने 'तडजोड म्हणून' सेट पहिल्यापासून खेळवणं हा नियम नव्हे.

चार कोर्टना एक फिरता अंपायर असला तर उत्तम. त्याने खेळाडूंच्या पाठीवर उभं राहायचं नाही, दिसेल असं फिरायचं. तो कोर्टवर उभा असताना उघड चुकीचा कॉल झाला तर तो दुरुस्त करू शकतो. लांबून पाहिलेल्यावर बोलायचं नाही.

प्रशिक्षणाबद्दलही आधीच ठरवा. १ जानेवारी २०२५ पासून कोर्टबाहेरून प्रशिक्षकाने सूचना देणं नियमात बसतं, पण ते लागू करायचं की नाही हे स्पर्धेला मान्यता देणारी संस्था ठरवते. फॅक्ट शीटवर (स्पर्धेच्या माहितीपत्रकावर) एक ओळ टाका: चालेल किंवा नाही. नाहीतर पहिल्याच दिवशी पालक आणि रेफरी समोरासमोर.

---

ओळ_नऊ

फॅक्ट शीटचा विषय निघालाच आहे तर: स्पर्धेचं नाव, कोर्टचा पृष्ठभाग, चेंडूची कंपनी, फॉरमॅट, साइन-इनची शेवटची वेळ, ड्रॉची वेळ, रेफरीचा फोन, प्रवेश फी, माघारीची मुदत. प्रवेशाची मुदत आणि माघारीची मुदत या दोन वेगळ्या तारखा ठेवा. एकच ठेवली की लोक नाव टाकून ठेवतात आणि ड्रॉच्या सकाळी गायब होतात.

---

जुना_लॉन

कुणी विचारलं नाही, पण 'मान्यता देणारी संस्था' हा शब्द आला म्हणून. आयटीएफ १ मार्च १९१३ ला पॅरिसमध्ये स्थापन झाली, तेव्हा नावात 'लॉन' होतं, ते १९७७ मध्ये गळालं. खेळाचे नियम, डेव्हिस कप, बिली जीन किंग कप, ऑलिम्पिकमधलं टेनिस आणि ज्युनियर मालिका तिच्याकडे. एटीपी १९७२ ची, डब्ल्यूटीए १९७३ ची. पुरुष आणि महिलांचे दौरे त्यांच्याकडे. चार ग्रँड स्लॅम या तिघींपैकी कुणाच्याच मालकीच्या नाहीत, त्या त्या देशाची संघटना किंवा क्लब त्या चालवतो आणि त्यांचं वेगळं नियमपुस्तक आहे. सट्ट्याचे तपास २०२१ पासून आणि डोपिंगचे २०२२ पासून आयटीआयए (टेनिसमधली सचोटी सांभाळणारी संस्था) करते.

स्पर्धेच्या नावातला आकडा म्हणजे विजेत्याचे गुण: एटीपी २५० ला २५०, पुरुषांच्या एम१५ ला १५, महिलांच्या डब्ल्यू३५ ला ३५, ज्युनियर जे३० ला ३०. ग्रँड स्लॅमला २०००.

आणि अंपायरांचे बॅज: चेअर अंपायरला व्हाइटच्या वर ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. रेफरी आणि चीफ अंपायरला ब्राँझ नाही, व्हाइटवरून थेट सिल्व्हर. क्लबच्या स्पर्धेला बॅज लागत नाही, नियमपुस्तक वाचलेला माणूस लागतो.

---

नवा_डेस्कवाला

रेफरी वेगळा घ्यायचं समितीने मान्य केलं. शेवटचं: चेंडू किती मागवू? आणि रेफरीच्या पिशवीत काय असावं?

---

अर्धी_रेष

सामन्याला एक डबा, तीन चेंडू, म्हणजे २६ डबे. तिसऱ्या सेटला नवे देणार असाल तर वर दहा. अंतिम सामन्यात चेंडू बदलायचे असतील तर पहिल्यांदा ७ गेमनंतर, मग दर ९ गेमनंतर. वॉर्म-अपचे दोन गेम धरतात म्हणून पहिला बदल लवकर. बदल नेमका टायब्रेकच्या तोंडावर आला तर तेव्हा करायचा नाही, पुढच्या सेटच्या दुसऱ्या गेमला.

वापरलेले चेंडू फेकू नका. 'दोन गेम', 'एक सेट', 'दोन सेट' असं लिहून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. मध्येच चेंडू हरवला तर बदली चेंडू तितकाच झिजलेला द्यावा लागतो. नवा फक्त तेव्हा, जेव्हा वॉर्म-अपमध्ये किंवा नवे चेंडू आल्यावर दोन गेमच्या आत हरवला. रॅलीत चेंडू फुटला तर गुण पुन्हा, नुसता मऊ पडला असेल तर नाही.

पिशवीत: नियमपुस्तक, मोजपट्टी, स्टॉपवॉच, स्कोअरकार्ड, पेन्सिली, चिकटपट्टी, नाणं. पहिल्या सामन्याआधी प्रत्येक नेट मध्यभागी मोजा, ०.९१४ मीटर. दुहेरीच्या नेटवर एकेरी खेळवणार असाल तर सिंगल्स स्टिक (नेट उचलून धरणारी काठी) एकेरीच्या रेषेपासून ०.९१४ मीटर बाहेर, तिथे उंची १.०७ मीटर. दुपारी परत मोजा, मधला पट्टा उन्हात सैल पडतो.